कलांचोला रात्र पुरत नाही

प्रश्न: गेल्या संक्रांतीला रोपवाटिकेतून कलांचोच्या दोन कुंड्या आणल्या, एक लाल फुलांची, एक पिवळ्या. मार्चपर्यंत फुलं टिकली, मग वाळली. तेव्हापासून नुसती पानं. लाल फुलांचं रोप आता फूटभर उंच आणि वाकडंतिकडं झालंय. पिवळ्याचं खोड पावसात बुडाशी काळं पडलं, शेंडा मात्र अजून हिरवा आहे. आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो, गॅलरी पश्चिमेला. तुळस, जास्वंदीबरोबर यांनाही रोज थोडं थोडं पाणी घालते. महिन्यातून एकदा शेंगदाणा पेंडीचं पाणी देते. शेजारच्या काकू म्हणतात, ही एका मोसमाची झाडं, टाकून द्या. सासूबाई म्हणतात, ही पानफुटीच आहे, पान मातीवर ठेवलं की दहा रोपं होतील. शिवाय घरातलं मांजर पानं कुरतडतं. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, दोन्ही कुंड्या ठेवा. कलांचो एका मोसमाचं झाड नाही, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं जगतं. फुललेलं रोप आणायचं आणि फुलं गेली की टाकायचं, ही बाजाराने लावलेली सवय आहे. मूळ झाड मादागास्करच्या डोंगराळ भागातलं. १९३२च्या सुमारास पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या जर्मन बागकाम व्यावसायिकाने ते युरोपच्या बाजारात आणलं, म्हणून शास्त्रीय नाव कलांचो ब्लॉसफेल्डियाना. आपल्याकडे नाताळ-संक्रांतीच्या सुमाराला रोपवाटिकांत जी लाल, पिवळी, केशरी, गुलाबी झुपक्यांची रोपं मांडलेली असतात ती याच्याच संकरातून आलेली.

तुमच्या पत्रात माती, पाणी, पेंड, सगळं आहे. गॅलरीतल्या दिव्याबद्दल मात्र एक अक्षर नाही, आणि फूल न येण्याचं कारण बहुतेक तिथेच आहे. त्याकडे येऊच, कारण ते काम ऑक्टोबरचं आहे. पिवळ्या रोपाचं काम आजचं आहे.

बुडाशी काळं पडलेलं खोड पुन्हा हिरवं होत नाही. ती कूज दिवसाला थोडी थोडी वर सरकते, म्हणून शेंडा हिरवा आहे तोवर तो कापून घ्यायचा. धारदार चाकू किंवा ब्लेड स्पिरिटने पुसा आणि काळ्या भागाच्या दोन बोटं वर आडवा काप घ्या. आता कापलेला भाग उजेडात धरून नीट बघा. निरोगी खोड आतून एकसारखं फिकट हिरवं, ओलसर आणि घट्ट दिसतं. मधे तपकिरी ठिपका असेल किंवा सालीच्या आत तपकिरी कडं दिसत असेल, तर कूज तिथपर्यंत पोचलेली आहे. चाकू पुन्हा पुसा आणि अजून अर्धा इंच वर कापा. स्वच्छ काप मिळेपर्यंत हेच करायचं. शेवटी दोन इंचांचा शेंडा आणि पानांच्या दोन जोड्या उरल्या तरी पुरेशा आहेत.

खालची पानांची जोडी काढून टाका आणि शेंडा सावलीत, वाऱ्यावर, कागदावर आडवा ठेवून द्या. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत एक-दोन दिवस पुरतात, तुमच्याकडे सप्टेंबरच्या दमट हवेत तीन दिवस धरा. कापलेलं तोंड सुकून त्यावर खपली धरली पाहिजे. तशीच ओली काडी खोचली की ती खालून सडते, आणि लोक म्हणतात ‘माझ्या हाताला कलम लागत नाही’. खपली धरल्यावर जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घेऊन, ते जेमतेम ओलं करून, त्यात इंचभर खोल खोचा. वर प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाबाच्या काडीला लागते तशी कोंडलेली वाफ याला नको असते, कारण पाणी पानातच साठवलेलं आहे. पहिले पाच-सहा दिवस पाणीही नको. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघितल्यावर काडी अडली की समजा लागली. जुनी कुजकी मुळं आणि ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत टाकू नका, सरळ कचऱ्यात.

अशा वेळी दुकानात बहुतेक बाविस्टिन या बुरशीनाशकाची पुडी हातात देतात. ती आणून फारसा उपयोग नाही. पाणी तुंबून येणाऱ्या कुजीमागे बऱ्याचदा पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसारखे सूक्ष्मजीव असतात, आणि बाविस्टिनमधलं कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही. औषधापेक्षा पाणी का तुंबलं ते शोधणं स्वस्त पडतं.

तुमच्याकडे ते तीन बाजूंनी तुंबलं. एक तर पश्चिमेची गॅलरी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट तुमच्या कठड्यावर. दुसरं, रोज थोडं थोडं पाणी. तुळस, जास्वंद ते पिऊन टाकतात, कलांचो नाही. याची पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात आणि दिवसा मिटलेली राहतात, त्यामुळे उन्हातही पानातून फारसं पाणी उडत नाही आणि मुळांना रोजची तहान नसते. थोडं थोडं घातलेलं पाणी मुळांशी ओल धरून बसतं, खोडाभोवतीची माती कधी सुकतच नाही, आणि खोड नेमकं तिथेच काळं पडतं. तिसरं कारण कुंडीच्या आत आहे. रोपवाटिकेतली रोपं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. त्यांच्या ठिबकच्या मोजक्या पाण्यावर ते ठीक. घरच्या हाताने पाणी घातलं की कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चार दिवस ओलं राहतं. मोठ्या कुंडीत लावतानाही तो गोळा तसाच ठेवला जातो, म्हणून बाहेरची माती कितीही चांगली असली तरी मधला गाभा ओलाच.

तेव्हा लाल रोपाची कुंडीही या महिन्यात बदला. रोप अलगद काढा, मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी निम्म्याहून जास्त झाडून टाका, तपकिरी आणि मऊ मुळं कापा. नवं मिश्रण असं: दोन वाट्या पोयट्याची किंवा लाल माती, दोन वाट्या जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक वाटी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. वाळू बांधकामावरची चालेल, पण चाळून घ्यायची. चाळणीतून पडणारी भुकटी टाकून द्यायची आणि ज्वारीच्या दाण्याएवढी खडी ठेवायची. विटांचा चुराही तसाच. त्यातली पूड राहिली तर दोन पावसांत सगळं सिमेंटसारखं बसतं. समुद्राची वाळू मिठामुळे नकोच. देशावरून कुणी काळी माती आणून दिली तर ती जास्वंदीला वापरा, कलांचोला नाही. ओली असताना फुगते, सुकली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते.

कुंडी मातीची, पाच इंची. इथे हात सैल सोडू नका. ‘मोठी कुंडी, मोठं झाड’ हा हिशेब इथे उलटतो, कारण मुळं पोचलेली नाहीत ती सगळी माती नुसती ओली राहते. भोकावर एक खापरीचा तुकडा पालथा ठेवा, बस्स. तळाशी दोन इंच खडी भरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडून राहतं, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. रोप पूर्वी होतं तेवढंच खोल बसवा, खोड मातीत पुरू नका. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी घालू नका.

पुढचं पाणी दिवस मोजून घालायचं नाही. वापरलेल्या उदबत्तीची काडी मातीत दोन इंच खोचा, मिनिटभराने काढा. काडीला माती चिकटून आली किंवा काडी गार, ओलसर लागली तर थांबा. कोरडी आली तर सकाळी मातीवर पाणी घाला, पानांवर नाही. पाच इंची कुंडीला साधारण २०० ते २५० मिली, म्हणजे खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत. एकदा पोटभर, मग पूर्ण सुकेपर्यंत काही नाही. बशीत उतरलेलं पाणी पंधरा मिनिटांत ओतून द्या. अंदाज म्हणून सांगायचं तर पावसाळ्यात झडीपासून आत ठेवलेल्या कुंडीला दहा ते पंधरा दिवसांनी, हिवाळ्यात पाच-सात दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी. पण खरं सांगेल ती काडीच.

पानंही सांगतात, फक्त दोन लक्षणांची गल्लत होते. तहानलेलं पान पातळ होतं, वाकवलं तर रबरासारखं वाकतं, त्यावर बारीक सुरकुत्या दिसतात, पण रंग हिरवा राहतो. पाणी जास्त झालेलं पानही मऊ पडतं, पण ते पिवळट, पाणीदार आणि काहीसं आरपार दिसतं आणि हात लागताच देठापासून गळतं. मऊ दिसलं म्हणून या दुसऱ्या लक्षणाच्या रोपाला पाणी घातलं की खेळ संपला.

लाल रोप लांबुडकं झालंय त्याचं थोडं नवल वाटू देऊ नका. विक्रीच्या रोपांवर वाढ रोखणारी रसायनं वापरतात, त्यांचा अंमल ओसरला की झाड आपल्या मूळ चालीने उंच होतं. उरलेलं काम कमी उजेडाने केलं. पावसाळ्यातलं मळभ आणि त्यात कठड्याच्या आत ठेवलेली कुंडी. छाटणी आता, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. प्रत्येक फांदीवर खालून पानांच्या दोन किंवा तीन जोड्या ठेवा आणि जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर कापा. कलांचोची पानं समोरासमोर असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, त्यामुळे एका कापाखाली दोन फांद्या फुटतात. आज तीन फांद्यांचं झाड आहे, ते ऑक्टोबरात सहा-सात फांद्यांचं होईल, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला फुलांचा झुपका येऊ शकतो. कापलेले शेंडे टाकू नका, पिवळ्यासारखेच सुकवून लावा. पंधरा सप्टेंबरनंतर मात्र कात्री ठेवून द्या. कळ्या फांदीच्या टोकालाच धरतात. उशिरा छाटलं की ते टोकच जातं आणि नव्या फुटव्याला तयार व्हायला वेळ उरत नाही.

खताचं थोडक्यात: पेंडीचं पाणी बंद करा. ओल्या हवेत त्यावर चिलटं धरतात, वास येतो, आणि नुसत्या नत्राने पानं फुगतात. छाटणीनंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा. कळ्या दिसल्यावर ०:५२:३४ (यात नत्र नाही) त्याच मापाने एकदा. ‘फूल येण्याचं खत’ म्हणून जे विकतात त्याने कळी येत नाही. आलेल्या कळीला फार तर आधार मिळतो.

आता तो दिवा.

कलांचो फुलायचं की नाही हे रात्रीच्या लांबीवर ठरवतं. शेवंतीचंही तसंच, म्हणून तर पॉलिहाउसमध्ये शेवंती घेणारे रात्री बल्ब लावून फूल लांबवतात. कलांचोला सलग बारा तासांहून मोठी रात्र लागते. तेरा-चौदा तासांचा पक्का काळोख सलग सहा आठवडे मिळाला की कळी धरणं जवळपास नक्की. यात ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य काळोखाचं माप ठेवतं, आणि मधेच उजेड पडला की ते माप पुसून पहिल्यापासून सुरू होतं. रात्री दोनला कुणी गॅलरीचा दिवा लावून पाच मिनिटांनी मालवला, तरी झाडाच्या लेखी ती एक मोठी रात्र नसते, दोन छोट्या रात्री असतात. हे माप पानं घेतात, शेंडा नाही. रिचर्ड हार्डर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने याच झाडावर प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच पानाला मोठी रात्र दिली तरी त्या पानाच्या बाजूच्या फांद्यांवर फुलं येतात. तुम्ही झाकाल ते अर्धवट झाकून चालणार नाही हे यावरून लक्षात घ्या. उघड्या राहिलेल्या पानांना दिवसच दिसत राहतो.

डोंबिवलीत २१ जूनच्या आसपास दिवस सव्वातेरा तासांचा असतो, २२ डिसेंबरच्या आसपास अकरा तासांचा. ऑक्टोबर लागला की रात्र दिवसाहून मोठी होते. शेताच्या बांधावर ठेवलेला कलांचो एवढ्यावर आपला आपण डिसेंबर-जानेवारीत कळ्या धरतो. तुमच्या गॅलरीत ट्यूब साडेअकराला बंद होत असेल आणि सहाला उजाडत असेल तर त्याला साडेसहा तासांची रात्र मिळते. झाडाच्या हिशेबात वर्षभर जूनच चालू आहे. म्हणून पानं भरपूर, फूल नाही.

चौथ्या मजल्यावर रस्त्याचा दिवाही पोचतो का ते बघून घ्या. घरातले सगळे दिवे मालवून, कुंडी आहे तिथे वर्तमानपत्र धरा. मथळा सहज वाचता आला तर तो उजेड कलांचोला नडण्याएवढा आहे.

सोपा उपाय दिवा बंद ठेवण्याचा. गॅलरी रात्री खरंच अंधारी राहत असेल तर १५ ऑक्टोबरपासून संध्याकाळी अंधार पडल्यावर तिथला दिवा लावायचा नाही, आणि आतल्या खोलीचा उजेड पडू नये म्हणून जाड पडदा ओढून घ्यायचा. याने फूल येतं, पण उशिरा, फेब्रुवारीच्या आसपास.

खात्रीचा उपाय खोका. कुंडीसकट रोपाहून चार-पाच बोटं उंच असा पुठ्ठ्याचा खोका घ्या, म्हणजे पानं आतून टेकणार नाहीत. फटी आणि कोपरे तपकिरी टेपने बंद करा. मग रात्री खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च लावून खोक्याखाली ठेवा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येईल तिथे अजून टेप. पातळ पुठ्ठा स्वतःच उजळलेला दिसला तर आतून काळा कागद लावा. प्लास्टिकची काळी पिशवी वापरू नका, आत घाम धरून भुरी येते.

कोजागिरीच्या आसपास, साधारण मध्य ऑक्टोबरपासून सुरुवात करा. त्याआधी ऑक्टोबरची उष्णता असते आणि रात्री गरम असल्या की काळोख देऊनही कळी रेंगाळते. याला रात्रीचे १६ ते २१ अंश मानवतात. तुमची गॅलरी पश्चिमेची, तेव्हा साडेपाचला खोका घालू नका, तिरप्या उन्हात आत भट्टी होईल. सूर्य गेल्यावर सव्वासहाला झाका आणि सकाळी सव्वाआठला काढा. चौदा तास झाले. मोबाइलमध्ये दोन गजर लावून ठेवा, कारण सकाळी काढायला विसरलं की दिवसभराचं ऊन बुडतं. दिवसा मात्र चार तास तरी थेट ऊन हवं. रात्र मोठी आणि दिवस अंधारा असं दोन्ही केलं तर फुलं येतात पण झुपका विरळ येतो.

या सहा आठवड्यांत दिवाळी येते, आणि कितीतरी कलांचो तिथेच फसतात. आकाशकंदील, माळा, पणत्या, आणि तेही बरोबर कठड्याशी, तुळशीच्या लग्नापर्यंत. खोका घालत असाल तर कंदिलाची चिंता नाही. खोका घालणार नसाल तर कुंडी त्या दिवसांपुरती रात्री दिवा लागत नाही अशा बाजूच्या खिडकीत हलवा, जिन्यात मात्र नको. गावी जाणार असाल तर उलट सोपं आहे. जायच्या दिवशी पाणी घालून कुंडी बंद घराच्या पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत पडदा उघडा टाकून ठेवा. दिवे लावायला कुणी नसतं, रात्र आपोआप पूर्ण मिळते. एखादी रात्र चुकली तर घाबरू नका, शेवटी दोन-तीन रात्री वाढवा. चार-पाच सलग चुकल्या तर मात्र आधीची मेहनत बरीच वाया जाते.

नोव्हेंबरअखेर फांदीच्या टोकांकडे रोज बघत जा. आधी टोकाची पानं लहान आणि अरुंद व्हायला लागतात, मग त्यांच्या मधून मोहरीएवढे हिरवे दाणे झुपक्याने दिसतात. ते स्पष्ट दिसले की खोक्याचं काम संपलं. आता रात्रीचा दिवा चालतो. कळी दिसल्यापासून फूल उमलायला चार ते सहा आठवडे, म्हणजे हिशेब संक्रांतीच्या आसपास येतो. या काळात कुंडी सारखी फिरवू नका आणि माती अगदी ठणठणीत सुकू देऊ नका, कळ्या वाळतात.

फुलं आली की ती दोन महिन्यांच्या आसपास टिकतात. चार पाकळ्यांची साधी फुलं रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात, ते त्यांचं रोजचं आहे, कोमेजणं नव्हे. दिवसाही मिटलेली राहिली तर मात्र शेजारी काय ठेवलंय ते बघा. पिकलेली केळी, चिकू, आंबे यांतून इथिलीन वायू निघतो आणि कलांचोचं फूल त्याला फार हळवं आहे. जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी ठेवलेला कलांचो दोन-चार दिवसांत मलूल दिसायला लागतो तो यामुळे.

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत कापसासारखा दिसला तर कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा बघा. फुलांच्या दांड्यावर मावा आला तर पाण्याच्या बारीक धारेने धुवा. कडुनिंबाचं तेल मारायचंच असेल तर लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबून. उन्हात तेलाने पानं भाजतात.

मार्चमध्ये झुपके वाळले की दांडा खालच्या पानांच्या दोन जोड्यांपर्यंत कापा, तेव्हाच. या वर्षी तो राहिला म्हणूनही झाड असं लांबलं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते पाचचं पश्चिमेचं ऊन याला सोसत नाही, पानांच्या कडा लाल होऊन मग करपतात. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी कठड्याला बांधा किंवा कुंडी जास्वंदीच्या सावलीत सरकवा. जूनच्या पहिल्या सरीआधी भिंतीकडे, आत.

नवं रोप घ्यायचं मनात असेलच तर झुपक्यातली तिसरा हिस्सा फुलं उमललेली आणि बाकी कळ्या रंग दाखवणाऱ्या असं निवडा. पूर्ण फुललेलं दुकानात छान दिसतं आणि घरी पंधरा दिवसांत संपतं. सगळ्या कळ्या हिरव्यागार असतील तर त्या आपल्या घरच्या उजेडात उघडतीलच असं नाही. आणि बुडाशी खोड बोटाने दाबून बघा, ते टणक हवं.

मांजराचं म्हणाल तर कुंडी आजच उंचावर न्या. कलांचोत बुफाडायेनोलाइड गटातली द्रव्यं असतात, ती कुत्र्या-मांजरांना बाधतात, सुरुवातीला उलट्या आणि जुलाब, जास्त खाल्लं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. फुलांत हे प्रमाण अधिक असतं, म्हणून जानेवारीत जास्त जपा. मांजराने बरंच खाल्लं आणि ते सुस्त वाटलं तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या, आणि पान सोबत घेऊन जा.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पानफुटी आणि हे एकाच कुळातले, कलांचोच. पण पानफुटीच्या पानाच्या खाचेत जशी रोपटी फुटतात तशी याच्या पानाला फुटत नाहीत. पान मातीवर ठेवलं तर मुळं येतील, नवा कोंब क्वचित आणि फार सावकाश येईल. त्यापेक्षा वर सांगितलेले शेंडे लावा. आणि एक गोष्ट सासूबाईंना आवर्जून सांगा. आपल्याकडे मुतखड्यावर पानफुटीचं पान खायची चाल आहे. त्या समजुतीने या शोभेच्या कलांचोचं पान कुणी खाऊ नये, कुणाला देऊही नये. पानफुटीतही तीच द्रव्यं असतात, तेव्हा मुतखड्याचं आधी डॉक्टरांना विचारा.